पिवळं झालेलं गाव

शेजारचे नाना धानवडीच्या शाळेत गाणं शिकवायचे. त्यांची एक विद्यार्थिनी पुढे मोठी गायिका झाली. तिच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे. तिथं तिनं आपल्या घडणीवर लांबलचक लेख लिहिला.

"सगळं वाचत नको बसूस, माझं नाव शोध," नाना म्हणाले.

शोधलेला शब्द हुडकून पिवळा करणारा कोड, म्हणजे रेजेक्स, मीच लिहिलाय. नावाला कुठलाही प्रत्यय लागलेला असो, तो सोडत नाही. इमानी आहे, भिडस्त नाही. पान पांढरंच राहिलं.

"आडनाव टाक."

पांढरंच. पांढरं हेही उत्तरच असतं, पण ते कुणाला पटतं?

"बरं, गाव टाक."

एकच शब्द पिवळाधमक झाला. नाना खुलले, चष्मा सावरून मोठ्यानं वाचू लागले, "धानवडीत मला गाणं शिकवणारं कुणीच नव्हतं."