रिकामा हलू नये

जगात झोपाळे विकणारे पुष्कळ असतील. पण स्वतःच्याच दुकानात गिऱ्हाइकासाठी एकही झोपाळा मोकळा न ठेवणारा दुकानदार पाहायचा, तर नाशिकच्या नांदूर नाक्याच्या पुढे, निफाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच यायला हवं होतं! तिथल्या वडाखाली आमचे झोपाळेवाले चाचा बसायचे. उत्तर प्रदेशातले, बांद्याकडचे. अंगाने काडी, आवाज मात्र भोंग्याचा. सुती दोरीला गाठी मारून असे देखणे झोपाळे विणायचे, की बघताक्षणी माणसाला आपलं घर लहान आणि पगार त्याहून लहान वाटावा. सगळे वडाच्या फांद्यांना टांगलेले. आणि रस्ता कसला? कांद्याचे ट्रक, द्राक्षांचे टेम्पो, एसट्या! एक ट्रक गेला की वाऱ्याने सगळे झोपाळे एकदम हलायचे आणि चाचांच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. रिकामा झोपाळा हलला की अशुभ होतं, अशी त्यांची ठाम समजूत. आता ज्याची ही समजूत, त्याने भर रस्त्याच्या कडेला झोपाळेच का विकावेत? मी विचारलं होतं. "दुसरं काय येतं साहेब आपल्याला?" म्हणाले.

मी निफाडला नोकरीला, रोज स्कूटरने जातो. एकदा त्या वडाखाली थांबून हेल्मेटचा पट्टा नीट करत होतो. मागून ट्रक आला, आणि कुणीतरी माझं बखोट धरून मला ओढलंच! "बैठो साहेब, बैठो! खाली हिल रहा है!" मेलो, लुटलं आपल्याला, असंच वाटलं. भानावर आलो तेव्हा मी झोपाळ्यात होतो. शेजारच्या झोपाळ्यात भला मोठा लाल भोपळा होता, त्याच्या पलीकडे एक निवृत्त मास्तर घोरत होते आणि शेवटच्या झोपाळ्यात एक कुत्रं डोळे मिटून झोके घेत होतं. ऑफिसला उशीर झाला तो झालाच, पण त्या दिवसापासून मी चाचांचा झालो.

अहो, मीच काय, हवालदारसुद्धा सुटला नाही! दुकान हटवायला आला होता बिचारा. "ए चाचा, उचल हे सगळं," म्हणतोय तोच लागोपाठ दोन एसट्या गेल्या. चाचा ओरडले, "साहेब, वो निळावाला पकडो!" हुकूम ऐकायची सवय असलेला माणूस, धावत जाऊन निळ्यात बसला. पाच मिनिटांनी त्याने चहा मागवला. पुढे तो रोज पाहणीला यायचा, आणि पाहणी निळ्यातूनच चालायची. एकदा गंगापूर रोडच्या एका बाई मोटारीतून आल्या. त्यांना नेमका मास्तरांचा झोपाळा आवडला. चाचांनी हात जोडले. "उनको मत उठाओ बहनजी, घर में नींद नहीं आती उनको." बाई फणकाऱ्याने निघून गेल्या. गिऱ्हाईक गेल्याचं चाचांना सोयरसुतक नाही. मास्तरांची झोप मोडली नाही ना, मग झालं!

हे सगळं मी घरी हसत हसत सांगितलं, तर आई माझ्यावरच उखडली. "दात काय काढतोस? रिकामा पाळणा हलवला की बाळाचं पोट दुखतं, एवढं तुला ठाऊक नाही?" आणि रविवारी माझ्या स्कूटरवर बसून स्वतः आली. पदर खोचून झोपाळ्यात बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

चाचांनी मनातलं सांगितलं ते तिलाच. गावी त्यांची एकुलती एक मुलगी. पहिल्यांदा तिला दिवस गेले, तेव्हा आनंदाच्या भरात चाचांनी आधीच पाळणा विणून ओसरीवर टांगला. तो वाऱ्याने रिकामाच हलत राहिला, आणि बाळ काही हाती लागलं नाही. दुसऱ्या वेळी पाळणा नव्हता, तरी तेच झालं. माणूस तरीही दोष स्वतःलाच देत होता. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. त्यानंतर चाचांना हसायची माझी हिंमत झाली नाही.

आणि एका सकाळी चाचा रस्त्यातच नाचत आडवे आले. "साहेब, आठवां लग गया!" पांढऱ्या दोरीचा, लाल गोंड्यांचा इवलासा पाळणा विणून तयार होता. गावी न्यायचा होता. पण रेल्वेत तो सारखा हलणार! रिकामा कसा न्यायचा? वडाखाली सभाच भरली. हवालदार म्हणाला, "नारळ ठेवा." नारळ घरंगळून बाहेर. मास्तर म्हणाले, "भोपळा आहे की!" भोपळ्याने पाळण्याच्या गाठी ताणल्या. चाचा रडवेले झाले. "मैं ही बैठ जाता, लेकिन टूट जाएगा."

दुसऱ्या दिवशी आई आमच्या पाट्यावरचा वरवंटा घेऊन आली. त्याला तिने माझं लहानपणचं टोपडं घातलं होतं. "आमच्यात बारशाला बाळाच्या आधी हाच पाळण्यात निजतो," ती म्हणाली. "न्या याला. तुमच्या बाळाची जागा धरून ठेवील." चाचांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि अलगद पाळण्यात निजवला. नाशिकरोडला गाडीत चढले, तेव्हा डब्यातले लोक वाकून वाकून बाळाचं तोंड बघत होते. मला हसू येत होतं, तरी गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी फलाटावर हात जोडून उभा होतो.

मुलगी झाली! सुखरूप! चाचांनी फोनवर व्हिडिओ पाठवला. पाळण्यात काळ्याभोर जावळाची पोर, आणि तिच्या पायथ्याशी आमचा वरवंटा, टोपडं घातलेला. आईने अख्ख्या गल्लीला गोळा करून दाखवला. आमच्याकडे चटणी आता मिक्सरमध्ये होते. नवा वरवंटा आणू म्हटलं तर आई म्हणते, "कशाला? आपला कामावर गेलाय."

चाचा मात्र परत आले नाहीत. "अब इसको छोड़ के कैसे आऊँ, साहेब?" म्हणतात. खरंच आहे. वडाला त्यांचा एकच निळा झोपाळा राहिलाय, दोरी मळलीय. काल घरी येताना पुढून ट्रक गेला आणि तो हलायला लागला. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी स्कूटर लावली आणि जाऊन बसलो. थोड्या वेळाने आईचा फोन आला, "कुठे राहिलास रे?"

"वडापाशी. झोपाळा हलत होता."

"मग बस," आई म्हणाली. "मी पोळ्या नंतर टाकते."