पोर्तुगालचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव

चूक माझीच होती. ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे दुसऱ्यांवर रागवायला मी मोकळा.

लासलगावला कांद्याच्या एका आडतीवर मी सव्वीस वर्षं मुनीम आहे. सकाळी नाशिकच्या पंचवटीतून घरून निघायचं, लिलाव आटोपला की भावाचं पत्रक काढायचं. पत्रकात तीन रकाने असतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. सगळ्यात हलक्या मालाला काय मिळालं, सगळ्यात सरस मालाला काय मिळालं आणि बाकी बहुतेकांच्या पदरात काय पडलं. इतकी वर्षं तीन रकान्यांकडे बघून माणसाचं काय होत असेल, याचा मी कधी विचार केला नव्हता. मुलीला पोर्तुगालहून नोकरीचं पत्र आलं तेव्हा तो करावा लागला.

मुलगी वाइन तंत्रज्ञान शिकली आणि नाशिकजवळच्या एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत कामाला लागली. नातेवाइकांत आम्ही 'द्राक्षाच्या कंपनीत आहे' असं सांगतो. ते खोटं नाही, अर्धवट आहे. तिला तिकडच्या एका वाइनरीने दोन वर्षांसाठी बोलावलं. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. आणि आमच्या घरात कुठलाही होकार दादांना विचारल्याशिवाय जात नाही. दादा म्हणजे माझे थोरले भाऊ, वणीकडे द्राक्षबाग करतात. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. माझी फी, माझे कपडे, माझं लग्न, सगळं त्यांनी केलं. त्यामुळे वयाच्या बावन्नाव्या वर्षीही त्यांच्यासमोर माझा आवाज सातवीतलाच निघतो.

दादांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "चौकशी केली का?"

आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी चौकशी करतात. दोन माणसं न सांगता त्या गावाला जातात. स्टँडवर चहा घेतात, गावातल्या सलूनमध्ये गरज नसताना दाढी करून घेतात आणि सहज विचारल्यासारखं करून त्या घराची सगळी माहिती काढतात. जमीन किती, पाणी आहे का, पोरगा पितो का, सासू कशी. दादा आणि मी या कामात घराण्यात नावाजलेले. आमची जोडी किती गावांत दाढी करून आली असेल याला गणती नाही.

आता पोर्तुगालला कुठे दाढी करायची?

मग मी आडतीवरच्या कॉम्प्युटरवर बसलो आणि त्या देशाची चौकशी केली. एका पानावर सगळं होतं. देशाचं उत्पन्न किती वाढतं, महागाई किती, बेरोजगारी किती, बाहेरून काय आणतात, बाहेर काय विकतात, सरकारच्या डोक्यावर कर्ज किती, लोकांत म्हातारे किती. तीन रकान्यांत, नीट मांडलेलं. मी हरखलो. पान छापलं. आडतीचा प्रिंटर वरची दीड इंच जागा कोरी सोडतो, कारण आमचा छापील मथळा तिथे असतो. त्यात त्या तक्त्याची पहिली ओळ गेली. मला वाटलं, हरकत नाही. वाढीच्या ओळीत पहिला आकडा लहान, मधला सगळ्यात मोठा, तिसरा दोघांच्या मध्ये. बेरोजगारीच्या ओळीतही तेच. हे रकाने मी झोपेतसुद्धा ओळखतो. पेन काढलं आणि वळणदार अक्षरात वर लिहिलं: किमान, कमाल, सर्वसाधारण. वाढीच्या कमाल आकड्याआधी एक आडवी बारीक रेघ होती. ती मी प्रिंटरच्या नावावर टाकली.

रविवारी दुपारी दादा आले. सटाण्याकडे दिलेली आमची धाकटी बहीणही आली होती. मुलगी वाइनरीवर होती, चारपर्यंत येणार होती. बायको आत मटकीला फोडणी देत होती. मी कागद काढला आणि देश वाचायला लागलो.

"हे बघा दादा, वाढ. किमान एवढी, कमाल एवढी. कमाल बघा! आपल्याकडे कुणाला जमत नाही."

दादांनी चष्मा पुसला, कागद हातात घेतला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. "हे आडवं काय हाय?"

"शाई पसरली असेल."

"वजा हाय ते." दादा द्राक्षं परदेशी पाठवतात, माल नाकारला गेला की हिशेबाच्या पट्टीवर वजाचं चिन्ह कसं दिसतं ते त्यांना चांगलं माहीत आहे. "म्हणजे यांची कमाल वजा? लय बेस्ट झालं तवा हे खड्ड्यात! मग किमान कुठं असंल?"

मी म्हणालो, "किमान अधिक आहे."

"कमाल वजा आन् किमान अधिक? असा कुठं बाजार असतो व्हय रे?"

खरं म्हणजे तिथेच मला कळायला हवं होतं. पण सव्वीस वर्षांचा मुनीम स्वतःच्या रकान्यांवर संशय घेत नसतो. मी त्याच चुकीचा बचाव करत बसलो, काहीतरी युरोपची पद्धत असते म्हणालो. आणि दादा एकेक ओळ खाली उतरत गेले. कर्जाच्या ओळीवर म्हणाले, "कर्जबाजारी घर." आयातीच्या ओळीवर म्हणाले, "पिकवतात कमी, आणतात जास्ती." लोकसंख्येवर म्हणाले, "सगळे म्हातारे. पोरगी काय त्यांची सेवा करायला धाडायची?" मग कागद खाली ठेवून म्हणाले, "आन् साडेचारशे वर्षं ज्यांनी गोवा सोडला नाय, त्यांच्या घरी आपण आपल्या पायानं पोरगी न्यायची? नाय. कळवून टाक, नाय म्हणून."

झालं. ज्या लोकांनी आपल्याला बटाटा दिला, पाव दिला, पगार हा शब्दसुद्धा दिला, त्यांना दादांनी पाऊण तासात नापास केलं, आणि तेही माझ्या अक्षरातल्या मथळ्यांवरून.

चारला मुलगी आली. चप्पल काढताना तिने आमचे चेहरे पाहिले, मग कागद पाहिला. उभ्या उभ्याच वाचला. तिचं हसू आधी फुटलं आणि मग एकदम विरलं.

"बाबा, ही वर्षं आहेत."

"कुठली वर्षं?"

"तीन रकाने म्हणजे ओळीने तीन वर्षं. मधलं लॉकडाऊनचं. त्या वर्षी कोणाचा विकास झाला होता? तुमची आडत तरी चालू होती का?"

आत बायकोने गॅस बारीक केला, तेवढा आवाज आला. मी म्हणालो, "दादा, माझी वाचण्यात चूक झाली." आणि मला वाटलं, संपलं. चूक कळली, निकाल बदलणार. आडतीवर पत्रक चुकलं तर दुरुस्तीचं पत्रक निघतं.

दादा म्हणाले, "वर्षं असू दे नायतर महिने. एकदा नाय म्हटलं."

इथे मला राग यायला सुरुवात झाली. तो अजून पुरता गेलेला नाही. अरे, मग पाऊण तास आपण त्या देशाची नाडी कशाला तपासत होतो? महागाई कमी असती तर हो म्हणणार होतो का? दादांच्याच धाकट्या मुलाला दुबईला पाठवताना कोणी दुबईचा विकासदर काढला नव्हता. 'पोरगा धाडसी आहे' म्हणून पेढे वाटले होते. मी स्वतः लासलगावला वाटले. आणि पोरगी दोन वर्षं कामाला जाते म्हटल्यावर आख्खा देश आमच्या ओसरीवर उभा करून त्याचे दात मोजायचे! हे सगळं मी मनात बोललो. तोंडाने फक्त "दादा, पण..." एवढंच निघालं. सातवीतला आवाज.

बहीण तोपर्यंत मटकी निवडल्यासारखी खाली मान घालून बसली होती. ती म्हणाली, "दादा, माझी चौकशी तुम्हीच केली होती ना? तू आणि ह्या भाऊनं?"

"केली. दोन दिवस राह्यलो तिथं."

"काय सांगत आलात?"

दादांना आठवायला वेळ लागला नाही. "घर पक्कं, पोरगा निर्व्यसनी, विहिरीला बारमाही पाणी. खोटं निघालं का काय त्यातलं?"

"नाही. सगळं खरं निघालं." ती शांतपणे बोलत होती. रागावलेल्या माणसापेक्षा हे वाईट. "विहिरीला बारमाही पाणी आहे. ते ओढायचं कोणी, हे विचारलंत का?"

"मोटार आसंल की," दादा म्हणाले.

"मोटार होती, पण ती पिकासाठी. घरासाठी कळशी. साठ फूट. नऊ वर्षं ओढलं मी. डी.एड.चं दुसरं वर्ष राहिलं होतं, ते राहिलंच. तुमच्या कागदावर त्याचा रकाना नव्हता."

मला त्या गावचं सलून आठवलं. आरशाच्या कडेला दाढीचा ब्रश लटकवलेला होता. मी पाण्याचं विचारलं होतं, मीच. सलूनवाला म्हणाला होता, "उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही." आणि मी आनंदाने दादांकडे बघितलं होतं. परतीच्या एस.टी.त आम्ही शेंगदाणे खाल्ले आणि चौकशी उत्तम झाली असं एकमेकांना सांगितलं. ती माहेरपणाला आली की तिच्या तळहातांकडे मी बघितलं नव्हतं असं नाही. बघितलं होतं. शेतातलं काम म्हणून सोडून दिलं.

पोर्तुगालवरून आलेला माझा सगळा राग त्या क्षणी उलटा फिरला आणि माझ्याच अंगावर आला. बरोबर आकडा चुकीचा वाचल्याबद्दल मी लाजत होतो. पण बहिणीच्या वेळी तर मी आकडा बरोबर वाचला होता!

मी मुलीकडे वळलो. "तू काही विचारलंस का त्या लोकांना?"

"विचारलं ना." ती खाली बसली. "तिथल्या लॅबमध्ये एक बाई आहेत, त्यांच्याशी दोनदा बोलले व्हिडिओवर. हंगामात टाक्या कोण धुतं ते विचारलं."

"म्हणजे?"

"इथे मुलींनाच धुवायला लावतात, पोरं नमुने तपासतात. तिथे पाळी लावतात, साहेबसुद्धा धुतो. राहायची खोली कोणाबरोबर, कडी आतून लागते का, उशीर झाला तर घरी कोण सोडतं, आणि मला पुढची परीक्षा द्यायची असेल तर सुट्टी मिळते का, हे विचारलं. त्या म्हणाल्या, पगार फार नाही, घरभाडं मात्र फार आहे, ते आधीच समजून ये. ते पण सांगितलं त्यांनी."

बहिणीने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ही चौकशी."

मग मी बोललो. फार काही शूर बोललो नाही. म्हणालो, "दादा, ती जाणार. तिचा होकार आजच जाईल." आवाज थोडा फाटला, पण सातवीतला नव्हता. दादा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता उठून जातील, न जेवता, आणि मग सहा महिने बोलणं नाही.

उठले खरे. टोपी घातली, दारापर्यंत गेले. चप्पल पायात सरकवता सरकवता, कोणाकडेच न बघता म्हणाले, "मटकी झाली आसंल तर खाऊन जातो. बस सहाची हाय." परत येऊन बसले. पोटभर जेवले. निघताना मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोचली का तिथल्या द्राक्षाचा भाव कळव. किमान, कमाल दोन्ही. तुझ्या बापाला नको विचारू."

बहिणीला ते काहीच बोलले नाहीत. तिचं ते रकान्याचं वाक्य तसंच ओसरीवर राहिलं. तिला एक शब्द मिळायला हवा होता. मीही दिला नाही, फक्त तिची पिशवी रिक्षापर्यंत उचलून नेली. याचा राग कोणावर काढायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दादांवर काढणं सोपं आहे, म्हणून बहुतेक तसंच करतो.

मुलीने होकार पाठवला. आम्हाला वाचून दाखवला, तो चार ओळींचा होता. मी एक स्वल्पविराम सुचवला, तो तिने घेतला नाही.

ती आत गेल्यावर बायकोने तो कागद उचलला. माझे वळणदार मथळे तिने सावकाश वाचले, मग कागदाची घडी करून डब्यांच्या फळीवर अंथरली, त्यावर हिंगाचा डबा ठेवला.

"आपल्या लग्नाआधी माझे काका आले होते ना पंचवटीत, तुमची चौकशी करायला," ती म्हणाली. "पुलाजवळच्या सलूनमध्ये दाढी केली होती त्यांनी. तो सलूनवाला म्हणाला होता, मुलगा आकड्यांना एकदम पक्का आहे, डोळे झाकून द्या."

"मग?"

"काही नाही. ते दुकान अजून आहे का हो?"