वीस दमांचं वादळ

गावात नळ यायचे होते तेव्हाची गोष्ट. अल्लीपुरात विहिरीत पडलेल्या बादल्या एक गडी बुडी मारून काढायचा. दोराचं वेटोळं कायम त्याच्या खांद्यावर. किती वेळ लागेल विचारलं, की तो वेळ श्वासांत मोजून सांगायचा, "तीन दमांचं काम हाय, काकू." आणि तिसऱ्या बुडीला बादली वर यायचीच.

एका उन्हाळ्यात भर बाजारात वादळ उठलं. बायापोरं टिनाच्या शेडखाली शिरली, तर वाऱ्यानं टिनंच उचलली जायला लागली. त्यानं दोर वरच्या लाकडावरून टाकला आणि आम्हा सहा जणांना धरायला लावलं. "गुरुजी, तुमी बी लटका! वीस दमांचं वादळ हाय, त्याच्यावर नाई जात." मग गाल फुगवून तो दम कोंडायचा, सोडायचा आणि ओरडून आकडा म्हणायचा. हात सोलून निघत होते, पण विसापर्यंत कोण सोडतो?

एकोणीस झाले. वारा तसाच. त्यानं दम सोडला आणि बिनदिक्कत ओरडला, "बारा!"

मी शाळेत गणित शिकवायचो. मुकाट्यानं दोर आणखी घट्ट धरला.

वारा पडला तेव्हा टिनं जागेवर होती आणि आम्ही सतरावर होतो.