टॉकीजमधलं आईचं हसू

फुलवाल्याच्या दुकानात शेवंतीचा वास आला, की मला अकोल्याच्या टॉकीजमधली एक दुपार आठवते. मी तिथे कॉलेजात होते. आई पातूरला फुलं विकायची. त्या दिवशी ती मला भेटायला आली, तेव्हा तिच्या हातांना शेवंतीचाच वास येत होता. मैत्रिणींनी एका विनोदी पिक्चरची फार तारीफ केली होती, म्हणून मी तिला तो पाहायला नेलं.

पिक्चर अगदीच भिकार निघाला. मला एकदाही हसू आलं नाही. आई मात्र पोट धरून, मोठमोठ्यानं हसत होती. पुढच्या रांगेतले लोक वळून पाहू लागले, तशी मला लाज वाटली.

“हळू हास न व माय, लोकं पाहून राह्यले!”

आईनं पदर तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत तसाच धरून ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाली, “लय मजेचा होता व पिक्चर. तुले नाई आवडला काय?”

आता आई नाही. परवा मी एकटीनंच तो पिक्चर मोबाईलवर पुन्हा पाहिला. अजूनही तो भिकारच आहे. पण तिला गप्प केल्यानंतरच्या प्रत्येक विनोदापाशी मी तो थांबवत होते. इथे आई किती हसली असती, ते मला काही केल्या कळेना.