विहिरीच्या आवाजातली टक

माझ्या पायांखालची फळी हलली आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी रंगमंचावर वाक्य विसरले.

माझं ते शेवटचं नाटक. मी म्हातारी आई झाले होते. तिसऱ्या अंकात ही आई झाकलेल्या विहिरीवर उभी राहून हरवलेल्या मुलाला तीन हाका मारते. दर हाकेला खालून तिचाच आवाज घुमत परत येतो, आणि विहीर आणखी खोल वाटू लागते. तिसऱ्या हाकेनंतर मी दोन पावलं मागे सरायचं. मग मंचाखाली बसलेल्या पैलवानाने खिटी ओढायची, म्हणजे झाकणाची फळी खाली झुलून काळंकुट्ट भगदाड पडायचं. आत पडलं तर दोन पुरुष खोल, आणि तळाला फरशी.

मंचाखाली दिवा लावला की फटींतून उजेड वर येतो. म्हणून आमच्या मंडळीत पैलवानाला इशारा आवाजाचाच असे. खालच्या स्पीकरमधून एक बारीक, कोरडी टक. वीस वर्षं तो त्या टकेवर खिटी ओढत आला होता.

त्या सकाळच्या तालमीत टक दुसऱ्याच हाकेला आली. मी फळीवरच उभी! खिटीला तालमीची साखळी होती म्हणून वाचले.

"अरे, काय करतोस?" मी ओरडले.

"टक आली ना ताई!" खालून पैलवान म्हणाला.

"मी नाही दिली," आवाजाच्या टेबलामागून घुम्या म्हणाला. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

घुम्या म्हणजे आमचा आवाजवाला. दिवसाकाठी दहा शब्द बोलला तरी पुष्कळ, म्हणून हे नाव. सतराव्या वर्षी तो आमच्याकडे नाचायला आला तेव्हा त्याचे पाय जमिनीला लागत नसत. एकदा खिटी सैल राहिली आणि तो याच खड्ड्यात गेला. डावा पाय कायमचा ओढत चालू लागला. मंडळी सोडून जाईल असं वाटलं होतं. तो आवाजाच्या टेबलामागे जाऊन बसला, तो चाळीस वर्षं तिथेच. आधी पत्र्याचा गडगडाट, मग टेपची भेंडोळी, मग कॉम्प्युटर. आवाज घुमवणारे प्रोग्रॅम लोक विकत आणतात; हा पठ्ठ्या पन्नाशीत शिकून स्वतः लिहायचा. विहीरही त्यानेच लिहिलेली. आणि ती विहीर तळातून यावी म्हणून तिचा आवाज त्याने सोडला होता खालच्याच स्पीकरमध्ये, जिथून पैलवानाचा इशारा येई.

पहिला खेळ आठ दिवसांवर होता.

"इशारा बदला," मी म्हणाले. "एका टकेऐवजी दोन द्या."

करून पाहिलं. पहिल्याच टकेला साखळी खणकन वाजली.

"मला कळतं हो ताई," पैलवान रडवेला झाला, "पण हाताला कोण सांगणार?"

दिग्दर्शक म्हणाले, दुसरा माणूस बसवू. पैलवान खाली मान घालून उभा राहिला. मीच म्हटलं, तो नसेल तर मी नाही. 

घुम्याने वायरी बदलल्या, स्पीकर बदलला. कॉम्प्युटर आवाज घासाघासाने घेतो म्हणे; त्याला दम खायला वेळ मिळावा म्हणून ते घास मोठे करून पाहिले. टक कधी यायची, कधी नाही, आणि मला भीती त्याचीच होती. रोज आली असती तर निदान ओळखीची झाली असती. सलग चार तालमी ती आली नाही तेव्हा सगळे हसले. घुम्या हसला नाही. पाचव्या वेळी ती आली.

त्याची बायको आमचे कपडे शिवायची. खेळाच्या दोन दिवस आधी तिने मला झगा घालून पाहायला दिला, तर कमरेपाशी हा जाड!

"वहिनी, मी काय गरोदर आहे?"

"कापूस भरलाय, पडलात तर म्हणून," ती हळूच म्हणाली. "यांना सांगू नका. घरात जेवत नाहीत. झोपेत तो पाय दाबत बसतात."

घुम्या दारातच उभा होता. त्याने झग्याकडे पाहिलं आणि पाय ओढत निघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तासाभराने बोलावणं आलं. "ताई, नुसता 'आ' लावा. मी सांगेपर्यंत थांबू नका."

मी 'आ' लावला. त्याने विहिरीच्या खोलीचं बटण फिरवलं. टक! पुन्हा फिरवलं. टक! मी गप्प झाले, घुमणं विरू दिलं, मग त्याने फिरवलं. शांत.

"हाक तुम्ही कधी आखूड मारता, कधी लांबवता," तो म्हणाला. "आखूड असली की मी विहीर खोल करतो तेव्हा आवाज विरलेला असतो. लांबवलीत की ती चालू असतानाच करतो."

"म्हणजे गुन्हेगार मी?"

"नाही, मी." आणि त्या दिवशी तो चक्क बोलला. कॉम्प्युटर म्हणे माझा आवाज साठवून ठेवतो आणि थोडं मागे राहून तो वाचत जातो. विहीर खोल केली की वाचायची जागा एकदम मागे उडी मारते. इथली लाट तुटते, तिथली मधूनच सुरू होते, आणि त्या तुटक्या टोकांची होते टक.

"मग?"

"दिवेवाला कसा एक दिवा उतरवत दुसरा चढवतो? तसं. दोन जागा वाचायच्या. जुनी विरवत न्यायची, नवी उचलत आणायची. उडी मारायचीच नाही."

संध्याकाळपर्यंत त्याने ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी साठ हाका मारल्या, लांबलचक. टक एकदाही आली नाही. तरी जाताना तो म्हणाला, "ताई, खेळात दुसरी हाक जरा आखूडच ठेवा."

खेळ दुपारचा होता. साखळी काढलेली. मी झाकणावर उभी राहिले, पहिली हाक मारली. दुसरीला तोंड उघडलं. आखूड ठेवावी? पण मुलगा हरवलेली आई आखूड हाक मारते का? आणि ती आखूड मारली असती, तर माझा त्याच्या कामावर भरवसा नाही हे घुम्याला सगळ्यात आधी कळलं असतं. मी श्वास संपेपर्यंत लांबवली. खालची विहीर खोल, खोल होत गेली. फळी दगडासारखी स्थिर राहिली. तिसरी हाक. दोन पावलं मागे. टक. भगदाड पडलं, आणि प्रेक्षागृहात कोणीतरी किंचाळलं.

पडदा पडल्यावर पैलवान मनगट चोळत वर आला. "ताई, याला समजवा! टेबल उचलून माझ्याशेजारी खाली आणलं, उजेड नको म्हणून कॉम्प्युटरवर कापड टाकलं. एका हाताने बटण, दुसऱ्याने माझं मनगट. तुम्ही मागे सरेपर्यंत सोडलं नाही. बोटं उमटलीत बघा!"

बोटं खरंच उमटली होती. घुम्या वायर गुंडाळत बसला होता.

वहिनी कात्री घेऊन माझ्याजवळ आली. "कापूस काढू ना आता?"

तिने विचारलं मला, पण उत्तर घुम्याने दिलं. "राहू दे. उद्याही खेळ आहे."