नानांनी दोनदा दिलेलं वाक्य

नानांची कुजबुज प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत कधी ऐकू गेली नाही, आणि स्टेजवरच्या माणसाला कधी चुकली नाही. दिवसा ते बसस्टँडवर कंट्रोलर होते. 'विंचूरमार्गे येवला' हे माइकवरून अख्ख्या आवाराला ऐकवायचे. संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये आमच्या तालमीला यायचे, चपला दाराशी काढायचे आणि संहिता घेऊन विंगेत उभे राहायचे. प्रॉम्प्टिंग बसून होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. नाशकात आमच्यासारखे हौशी ग्रुप बरेच. पण नाना आमच्याकडे होते.

नट थांबला म्हणजे तो विसरलाच असं नसतं, आणि भलत्या वेळी वाक्य फेकलं तर त्याच्या अभिनयाची माती होते. त्यासाठी नाना तोंडाकडे नाही, पायांकडे बघायचे. "विसरलेल्या माणसाचा चेहरा लय शहाणा असतो. अंगठा मात्र आत वळतो." तरीही शंका आलीच, तर तालमीत सरळ विचारायचे, "राजे, पॉज घेतलाय का विसरलाय? पॉज असंल तर मी पाणी पिऊन येतो." राजे म्हणजे मी. मुख्य भूमिका बहुतेक माझ्याकडे असायची, आणि पाठांतर कच्चं असायचं.

एका स्पर्धेत, दुसऱ्या अंकात, बापाशी भांडण्याच्या प्रसंगात मी थांबलो. अंगठा वळला असणार, कारण लगेच विंगेतून आलं, "मी हे घर सोडणार नाही." मला स्वच्छ ऐकू आलं. पण तोंड उघडेना. नानांनी पुन्हा दिलं. तरी मी तसाच. शेवटी बाप झालेल्या सहकाऱ्यानं कसाबसा प्रसंग रेटून नेला. निकालात आमचं नाव नव्हतं.

मेकअप पुसताना सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "प्रॉम्प्टच आला नाही."

नाना दारात उभे होते. "नाय आला?"

"नाही."

"दिला होता मी," ते म्हणाले. मग स्वतःशीच, "पोचला नसंल."

त्यांनी चिडायला हवं होतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्याच आठवड्यात घसा दाखवून आले. डॉक्टर काही नाही म्हणाले, तरी माइक सोडून ते पासांच्या खिडकीवर बसायला लागले. पुढच्या नाटकाला मीच पुढाकार घेऊन ठरवलं की आता प्रॉम्प्टर नको. नव्या रंगभूमीवर नट स्वतःच्या जबाबदारीवर उभा राहतो. बोलणं चुकीचं नव्हतं. पण मी ते का बोललो, हे मलाच माहीत होतं. नाना विंगेत असते तर मला तिकडे बघता आलं नसतं.

अकरा वर्षांनी, गेल्या दिवाळीत, त्यांच्या घरी जाऊन मी खरं सांगितलं. हाकलून देतील, अशी तयारी ठेवली होती. ते आधी स्वयंपाकघराकडे वळले. "अगं, ऐकलं का? पोचला होता म्हणे माझा आवाज. दोन्ही बारीला." काकू बाहेर आल्या आणि नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. चहा मात्र त्यांनी ठेवला.

"बरं झालं सांगितलंस," नाना म्हणाले. "आता ग्रुपला सांग. माझ्या देखत."

"सांगतो."

संक्रांतीला सगळे जमणार होते. नानांना बोलवायचं काम मी माझ्याकडे घेतलं, आणि बोलावलंच नाही. फाल्गुनात नाना गेले.

दहाव्याला गोदाकाठी आपण सगळे होतो, अख्खा ग्रुप. तुमच्यापैकीच कुणीतरी हळहळत म्हणालं, "शेवटी शेवटी आवाज दगा देत होता बिचाऱ्यांना." मी ऐकून घेतलं, मान हलवली.

आवाजानं दगा दिला नव्हता. दोन्ही वेळा मला स्वच्छ ऐकू आलं होतं. हे त्यांच्या देखत सांगायचं होतं.