तो माळा माझा नव्हता

“पाखरू माणसाचं तोंड पाहत नाही, खांदे पाहतं. खांदे मोडा, म्हणजे तुम्ही दिसेनासे व्हाल.” आमच्या भागातल्या पक्षी पाहणाऱ्या मंडळींना हे वाक्य पाठ आहे आणि ते माझं म्हणून ओळखलं जातं. ते माझं नाही. सहा वर्षं मी ते वापरलं, त्यावर एक शाल आणि एक नारळही घेतला. वाक्य माझ्या वहिनीचं आहे. मोठ्या भावाची बायको, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी पंचाहत्तरचा आहे. दोघांपैकी कोण आधी जाईल ते सांगता येत नाही, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकतो.

आर्वीला माझं बारदान्याचं दुकान होतं. कापूस, सोयाबीन, तूर, जे काही बाजारात यायचं त्याला लागणारी पोती मी विकायचो. दुकान मुलाच्या हाती दिल्यावर मी एक कॅमेरा घेतला. गावाबाहेरच्या नाल्यावर रोज सकाळी तितरांचं एक कुटुंब पाणी प्यायला यायचं. मला त्यांचा जवळून फोटो हवा होता. मी पन्नास पावलांवर पोचलो की ती भुर्रकन उडायची. शिकारी लोक अंगावर पालापाचोळा लावून बसायचे, हे ऐकून होतो. शिकार केव्हाच बंद झाली, पण लपण्याला काही मनाई नाही. म्हटलं, आपणच एक सूट बनवू.

पहिला सूट मी एकट्याने केला. दुकानातली हिरवी नायलॉनची दोरी कापली, जुन्या शर्टावर टाचली आणि खरं वाटावं म्हणून वरून सुबाभळीच्या ताज्या फांद्या बांधल्या. सकाळी नाल्याजवळच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पालथा पडलो. अर्ध्या तासाने पाठीवर काहीतरी ओढल्यासारखं झालं. मग मानेवर गरम श्वास आला. बकऱ्या होत्या. वीस-पंचवीस तरी असतील. बकरीला सुबाभूळ किती आवडते हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं, पण त्या दिवशी मी माणूस नव्हतो ना, झुडूप होतो. पाठ खाऊन झाल्यावर त्या टोपीकडे वळल्या तेव्हा मी ओरडत उठलो. बकऱ्या चारणारी बाई काठी टाकून पळाली आणि लांब जाऊन ओरडली, “अवो माय, झाडाले पाय आले!”

दुपारपर्यंत ही बातमी आमच्या अंगणात पोचली. दोन्ही भावांची घरं एकाच अंगणात आहेत. वहिनी तूर निवडत होत्या. हसून हसून त्यांनी सूप खाली ठेवलं.

“भाऊजी, थोडकं लोणचं तरी लावून जायचं. चव आली असती.”

“हसा, वयनी, हसा. तुमाले काय समजते त्यातलं?”

“मले?” त्यांनी डोळे पुसले. “मी सात वर्साची होतो तवापासून माळ्यावर बसून राह्यली ना. पाखरू काऊन भिते, ते मले विचारा.”

ज्वारीच्या वावरात चार बल्ल्यांवर, म्हणजे लाकडी खांबांवर, माळा बांधतात. त्यावर बसून पाखरं हाकलायची. वहिनींचं सगळं लहानपण त्या माळ्यावर गेलं, हातात गोफण आणि समोर कणसं. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना त्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं.

“बुजगावण्याले काय असते?” त्या म्हणाल्या. “एक आडवी काडी. तेच त्याचे खांदे. तोंड काढा नाही तर नका काढू, पाखरू खांदे पाहूनच भिते. झाडाले सरळ रेघ कुठं असते? तुमी बुजगावण्याच्या उलटं करा. खांदे मोडा.”

मग आमच्या गोदामात पंधरा दिवस जे चाललं, तेवढी मजा मला दुकानात चाळीस वर्षांत आली नव्हती. तलावावरच्या एका ओळखीच्या भोयाकडून फाटकं जाळं आणलं. जुनी पोती उसवून त्यांचे धागे काढले. हिरवं एकही नको, अशी वहिनींची ताकीद होती. “दिवाळीनंतर हिरवं काय राह्यते? सोयाबीन निंगालं, गवत वाळलं. तुमचा सूट पोळ्याचा हाय आन् तुमी बसता संक्रांतीले.” काही धागे त्यांनी चहाच्या चोथ्यात उकळले, काही बाभळीच्या सालीत, काही काळ्या मातीत नुसते कालवून वाळवले. अंगणात दोरीवर ते सगळं लोंबत होतं आणि येणारा-जाणारा विचारायचा की कोणाच्या जटा वाळत घातल्या.

मी कात्रीने धागे सारख्या लांबीचे कापायला बसलो. त्यांनी कात्रीच काढून घेतली. “गवत का शिंप्यानं कापलं हाय?” मग धागे हाताने तोडायचे, कोणता वीतभर, कोणता हातभर. पोती शिवायच्या दाभणाने त्या ते जाळ्यात ओवत गेल्या. पाठीवर दाट, बाह्यांवर विरळ, आणि डोक्यावरून खांद्यांवर उतरणारा एक मोठा झुबका, मान कुठे संपते ते कळूच नये असा. पोटाला काहीच नाही. “सरपटान तं सारं उपटून येईन,” त्या म्हणाल्या. मी दाभणात सुतळी ओवून द्यायचो आणि चहा करायचो. माझं काम तेवढंच.

सूट घालून पहिल्यांदा नाल्यावर बसलो, त्या सकाळी तितराची मादी चालत चालत आली आणि माझ्या बुटावर उभी राहिली. मी श्वास रोखला. तिने बुटाची लेस चोचीने ओढून पाहिली. आनंदाच्या भरात कॅमेरा इतका हलला की फोटोत नुसता मातकट धूर आला. मी घरी धावत गेलो आणि आधी वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, “लेस गिळली तं नाई ना?”

इथवर सगळं छान होतं.

त्या वर्षी सावंगीकडच्या काही डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या पक्षीमंडळाने सूट पाहिला आणि मला त्यांच्या कार्यक्रमाला बोलावलं. वहिनी सोबत आल्या, तिसऱ्या रांगेत बसल्या. एका मुलीने विचारलं, “काका, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली?” समोर शंभरेक माणसं, गळ्यात शाल. मी म्हणालो, “लहानपणी ज्वारीच्या माळ्यावर बसायचो. पाखरू खांदे पाहतं, हे तिथेच शिकलो.”

ज्वारी राखायला मी एक दिवसही बसलेलो नाही. मी दुकानदाराचा मुलगा. नुसतं श्रेय घेतलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी वहिनींचं लहानपणच उचलून घातलं अंगावर, सूट घालावा तसं. टाळ्या पडल्या. पुढे मंडळाच्या पुस्तिकेत माझ्या नावापुढे ‘संकल्पना व निर्मिती’ असं छापून आलं.

परतीच्या एसटीत वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. मग बाहेर पाहतच म्हणाल्या, “भाऊजी, तुमचा माळा कोन्या वावरात होता?”

मी गाडीच्या आवाजात ऐकू न आल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतर सहा वर्षांतही नाही. नारळाची चटणी त्यांनीच केली आणि पहिला घास मलाच वाढला. त्या भांडल्या असत्या तर मी सुटलो असतो.

यंदा थंडीत मंडळाचं काम पाहणाऱ्या ताईंचा फोन आला. केळझरजवळच्या माळावर सूट बनवायचं शिबिर आहे, “आणि काका, तुमच्या माळ्याची गोष्ट नक्की सांगा.” मी हो म्हणालो आणि तसाच वहिनींकडे गेलो. म्हटलं, चला, या खेपेला तुम्ही बोला.

“चारचौघात मी नाई बोलत बा. सूट घालून बसतो म्हणा तं बसतो.”

तसंच ठरलं. सगळे जमायच्या आधी त्या सूट घालून माळावर कुठेतरी बसतील आणि मंडळींनी त्यांना शोधायचं. कुठे बसणार, हे मलाही सांगितलं नाही. त्यांच्यासमोर, डोळ्यांत पाहून बोलायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. शिबिराच्या सकाळी समोर नुसतं वाळलेलं गवत होतं, पळसाची दोन झाडं होती आणि वीस-पंचवीस तरुण चेहरे.

पाव तास सगळ्यांनी शोधलं. कोणालाच सापडल्या नाहीत. ताई म्हणाल्या, “बरं, काका, तोवर तुम्ही गोष्ट सांगा.”

मी उभा राहिलो. म्हणालो, “माळ्याची गोष्ट खरी आहे. पण तो माळा माझा नव्हता. माझ्या वहिनींचा होता. वाक्य त्यांचं, सूट त्यांचा, रंग त्यांचे. मी फक्त सुतळी ओवून दिली. सहा वर्षांपूर्वी त्या तिसऱ्या रांगेत बसल्या असताना मी तुमच्या मंडळासमोर खोटं बोललो. त्या इथंच कुठेतरी आहेत आणि ऐकत आहेत. वयनी, चुकलो.”

गवतावरून वारा गेला. मी पळसाकडे पाहत होतो, बांधाकडे पाहत होतो. उत्तर येईना. वाटलं, सहा वर्षं मी ऐकू न आल्यासारखं केलं, आता त्यांची पाळी.

माझ्यापासून चार पावलांवर एक वाळकं झुडूप होतं. एका मुलीने त्यावर आपली टोपी वाळत घातली होती. ते झुडूप थोडं हललं.

“भाऊजी,” टोपीखालून आवाज आला, “बकऱ्यांचं काऊन नाई सांगून राह्यले?”

टोपीवाली मुलगी किंचाळली. मग जो हशा उसळला तो थांबेचना. दोन पोरींनी हात धरून वहिनींना उठवलं, गुडघे झटकून दिले. त्या माझ्याकडे पाहत तशाच उभ्या राहिल्या, डोक्यावर त्या मुलीची निळी टोपी. खांदे कुठे आहेत ते कळत नव्हतं, पण चेहऱ्यावर ऊन पडलं होतं आणि डोळे ओले होते. हसण्याने की कशाने, ते मी विचारलं नाही.

“सांगा ना आता,” त्या म्हणाल्या. “सुबाभळीपासून सांगा.”

मी सुबाभळीपासून सांगितलं.